डोकं थांबत नसेल तर आधी जीभ सैल सोडा

रात्री लाईट बंद केला, पाठ टेकली रे टेकली की उद्याचा डबा, पोराची फी, बॉस दुपारी जे बोलला ते, त्यावर आपण काय बोलायला पाहिजे होतं ते, गॅसचा नॉब बंद केला का, मावशीला फोन करायचा राहिलाच, असं सगळं ज्यांच्या डोक्यात एकदम सुरू होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. अशा वेळी शेजारी झोपलेला माणूस हमखास म्हणतो, "अगं एवढा विचार नको करूस, झोप शांत." आणि पुढच्या मिनिटाला घोरायला लागतो. त्याला काय जातंय सांगायला. विचार नको करूस म्हणून विचार थांबत असते तर अजून काय पाहिजे होतं.

माझं म्हणणं एवढंच की मनाच्या मागे लागूच नका, ते हाताला लागत नाही. शरीर लागतं. शरीर नीट, पद्धतशीर सैल केलं की मन मागून येतं, लगेच नाही येत, पण येतं. आणि त्यातही महत्त्वाच्या जागा दोन, जीभ आणि डोळे, आणि नेमकं तिकडेच कुणाचं लक्ष जात नाही.

जिभेचं हे मी माझ्या मनाने सांगत नाहीये. एडमंड जेकबसन नावाचा अमेरिकन डॉक्टर होता, शिकागोला काम करायचा, स्नायू सैल सोडण्यावरचं त्याचं पुस्तक १९२९ सालचं. तो माणसांना आडवं झोपवून त्यांच्या स्नायूंमधला विजेचा अगदी बारीक प्रवाह मोजायचा. हात अजिबात न हलवता फक्त हात वाकवतोय अशी कल्पना कर म्हटलं तरी दंडाच्या स्नायूत हालचाल दिसायची. मनातल्या मनात आकडे मोज म्हटलं की जीभ आणि ओठांत दिसायची, आणि एखादं दृश्य डोळ्यापुढे आण म्हटलं की डोळ्यांच्या स्नायूंत. आता आपल्या डोक्यात रात्री काय चालू असतं ते बघा, एकतर कुणाशी तरी बोलणं नाहीतर कसलं तरी चित्र. म्हणजे जीभ तरी कामाला लागलेली असते नाहीतर डोळे तरी. आत्ता हे वाचतानासुद्धा बघा, जीभ बहुतेक टाळूला चिकटलेली असेल आणि दात एकमेकांवर टेकलेले असतील. आपण खात नसताना, बोलत नसताना दातांनी टेकायचं काही कामच नसतं, पण टेकतात.

जेकबसनची मूळ पद्धत फार लांबलचक, एकेका स्नायूवर दिवसच्या दिवस घालवायचे, तेवढा वेळ आपल्याकडे कुणाला आहे. १९५८ च्या सुमाराला जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने ती बरीच आटोपशीर केली आणि हल्ली सगळीकडे जे आवळा-सोडा शिकवतात, म्हणजे एकेक स्नायू आधी आवळायचा आणि मग सैल सोडायचा, ते त्यातूनच आलंय. आणि शवासन तर आपल्याकडे कितीतरी आधीपासून आहेच. हठप्रदीपिकेत ते एका श्लोकात उरकलंय, प्रेतासारखं जमिनीवर उताणं पडायचं, थकवा जातो, चित्ताला विश्रांती मिळते, बस. पडल्यावर आत नेमकं काय करायचं ते त्या श्लोकात नाही, म्हणून मग क्लासमध्ये शेवटची पाच मिनिटं निम्मे लोक शवासनात पडून भाजीची यादी करतात आणि उरलेले चटई गुंडाळून पळतात. मी ह्या दोन्हींची जोडी लावते, आधी आवळा-सोडा आणि मग शवासन. एकूण वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

तयारी

पलंगावर करू नका, निदान सुरुवातीचे काही दिवस तरी, गादीत अंग रुततं आणि कुठे ताण आहे ते कळत नाही, शिवाय झोप लागते. झोप लागली तर वाईट नाही, पण मग शिकणं होत नाही. जमिनीवर चटई, त्यावर सतरंजी किंवा चादरीची घडी, योगा मॅट असेल तर ठीक, नसेल तर काही अडत नाही. डोक्याखाली टॉवेलची घडी किंवा पातळ उशी. जाड उशीने हनुवटी छातीकडे येते आणि घसा दबल्यासारखा होतो. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या, फार फरक पडतो. अंगावर एखादी पातळ चादर हवी, पडून राहिलं की दहा मिनिटांत अंग गार पडतं आणि मग सगळं लक्ष तिकडे. चष्मा, घड्याळ, बेल्ट काढा, नाडी जरा ढिली करा. मोबाईल फ्लाईट मोडवर आणि हात पुरणार नाही इतका लांब, हळू आवाजाचा टायमर लावून.

आवाज पूर्ण बंद होतील अशी अपेक्षा धरू नका. शेजारच्यांचा कुकर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, खाली कुणीतरी रिव्हर्स घेतोय त्याचं ते पिंपिं, हे असणारच. शांतता मिळेल तेव्हा करू म्हटलं तर मुहूर्त निघायचा नाही.

वेळ म्हणाल तर जेवल्यावर लगेच नको, दोन तास तरी जाऊ द्या. माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर, हातपाय धुऊन, स्वयंपाकाला लागायच्या आधी. रात्रीच करायचं असेल तर आधी एक कागद-पेन घेऊन बसा आणि उद्याची कामं लिहून काढा. ह्याच्यावर अमेरिकेतल्या बेलर युनिव्हर्सिटीत ५७ तरुण मुलामुलींवर प्रयोग झालाय, २०१८ साली छापून आला. झोपायच्या आधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायची आणि काहींनी झालेली कामं लिहायची, तर करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारीकसारीक तितकी लवकर. म्हणजे नुसतं 'बँकेचं काम' नाही, 'अकराला बँक, पासबुक आणि आधारची झेरॉक्स घेऊन जाणे' असं लिहायचं. कागदावरच लिहा, मोबाईलमध्ये लिहायला गेलात की व्हॉट्सॲप उघडलंच समजा.

आवळा आणि सोडा

उताणे पडा. दोन्ही पाय एकमेकांपासून लांब, चवडे बाहेर पडलेले. हात अंगापासून जरासे दूर, काखेत हवा जाईल इतपत.

नियम एकच, साधारण पाच ते सात सेकंद आवळायचं आणि वीस-तीस सेकंद सोडून पडायचं. पूर्ण ताकद लावायची नाही, थरथर सुटली म्हणजे जास्त झालं. आणि सोडताना हळूहळू नाही, एकदम सोडायचं. श्वास रोखायचा नाही, बऱ्याच जणांचा आपोआप रोखला जातो, बीपी असणाऱ्यांनी तर हे मुद्दाम लक्षात ठेवा.

उजव्या हाताने सुरू करू. मूठ आवळा, अंगठा बाहेर. आता घाई न करता बघा, नखं तळव्यात टोचतायत, बोटांच्या सांध्यांवरची कातडी ताणलीय, मनगटाच्या आतल्या बाजूच्या दोऱ्या ताठ झाल्यात आणि कोपराच्या जरा खाली, हाताच्या मांसल भागात, एक बोथट दुखरा ताण आहे. तो ताण नेमका कुठून कुठपर्यंत आहे ते शोधा. आता सोडा. बोटं उघडायची नाहीत हां, नुसती सोडायची, ती अर्धवट वळलेलीच राहतील, राहू देत. थोड्या वेळाने तळव्यात ऊब येते, बोटांच्या टोकाशी चुणचुणल्यासारखं होतं, हात जमिनीवर जास्त जड पडल्यासारखा वाटतो. डाव्या हाताला अजून काहीच केलेलं नाही, तर दोन्ही हातांत फरक कळतोय का बघा. मला विचाराल तर हा फरक ओळखता येणं हाच सगळा अभ्यास आहे, कारण आपण दिवसभर आवळलेले असतो आणि त्याची इतकी सवय झालेली असते की तेच नॉर्मल वाटतं. पहिल्या दिवशी फरक नाही कळला तर मूठ अजून एकदा.

मग डावा हात. मग दोन्ही कोपरं जमिनीत दाबायची आणि सोडायची. मग पाय, आणि इथे सांभाळून, चवडे स्वतःकडे ओढायचे, पुढे ताणायचे नाहीत, पुढे ताणले की पोटरीत गोळा येतो आणि मग शवासन राहतं बाजूला, माणूस एका पायावर नाचतो. मांड्या-कुल्ले आवळून सोडा. पोट आत ओढून सोडा. खांदे कानांपर्यंत वर उचला आणि सोडा, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनी हे दोनदा करा. मान मुद्दाम ताणू नका, खांद्यांबरोबर तिचं आपसूक होतं.

पहिला आठवडा इथेच थांबलात तरी चालेल. हात, पाय, खांदे, मग दहा मिनिटं नुसतं पडणं. चेहरा हा जरा बारीक मामला आहे, हातापायाचा फरक कळायला लागला की मग त्याला हात घाला.

जीभ आणि डोळे

भुवया वर चढवा, कपाळाला आठ्या पाडा, सोडा. डोळे घट्ट मिटा, सोडा. दात जरासे दाबा, कानाच्या पुढे जबड्याचा स्नायू फुगलेला कळेल, सोडा आणि दात सुटे होऊ देत, ओठ थोडे उघडे पडले तरी चालतील, कोण बघतंय. दातांची ट्रीटमेंट चालू असेल किंवा जबडा कटकट वाजत असेल तर दाबू नका, नुसता सैल सोडा.

आता जीभ. ती टाळूला दाबून धरा, मग सोडा, तोंडाच्या तळाला आपली पडून राहू दे. आणि हा जेकबसनचा जुना प्रकार करून बघा. एक ते दहा मोठ्याने म्हणा. मग हळू आवाजात. मग पुटपुटत. मग आवाज न काढता नुसते ओठ हलवत. आणि शेवटी ओठ मिटून फक्त मनात. दर वेळी ओठ, जीभ, घसा काय करतायत तेवढंच बघायचं. मनातल्या वेळीसुद्धा जिभेच्या मुळाशी काहीतरी अगदी बारीक हलल्यासारखं होतं, तीन म्हणताना, पाच म्हणताना. पहिल्यांदा नाही कळणार, चार-पाच दिवसांनी कळेल. ते जे बारीक हलणं आहे ते सोडायचं.

डोळ्यांचं तसंच. पापण्या मिटलेल्या ठेवून बुबुळं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून, मग कुठेच बघायचं नाही. मिटलेल्या डोळ्यांनीही आपण 'बघत' असतो, समोर रोखून. ते रोखणं सोडायचं. डोळ्यांवर मऊ ओढणी किंवा रुमालाची घडी ठेवली तर सोपं जातं.

मग नुसतं पडायचं

आता श्वास. नाकाने घ्यायचा, नाकाने सोडायचा, घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. असं केलं की मिनिटाला सहा श्वास होतात. सोडण्याचा भाग लांब का, तर श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात आणि सोडताना मंदावतात, व्हेगस नावाच्या नसेचं ते काम आहे, मनगटाची नाडी धरून हळू श्वास घेतलात तर कित्येकांना स्वतःलाच कळतं. गुदमरल्यासारखं झालं तर घेताना तीनपर्यंत, सोडताना चारपर्यंत मोजा. दोन-चार मिनिटांनी मोजणं सोडून द्या, नाहीतर तेच एक नवीन काम होऊन बसतं.

ह्यानंतर विचार येणार. आमच्या शेजारच्या काकूंना मी हे शिकवलं तर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं बाई, मला तर उलट जास्तच विचार यायला लागले." म्हटलं काकू, यायचे आधीपण, टीव्ही चालू असायचा म्हणून तुम्हाला ऐकू येत नव्हते. तर विचार आला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, हा का आला, कालपण हाच होता, असलं काही नाही. सरळ जिभेकडे यायचं. ती हललेली असणार, किंवा टाळूला जाऊन चिकटलेली असणार. सोडायची. चित्र दिसत असेल तर डोळे सोडायचे. पुन्हा विचार आला की पुन्हा सोडायची. वीस मिनिटांत पन्नास वेळा हेच करावं लागलं तरी ते बरोबरच चाललंय. मधे कधीतरी थोडा वेळ असा जातो की काहीच चालू नसतं आणि ते आपल्याला नंतर कळतं, अरे आत्ता काही नव्हतं. कळलं की गेलं. त्याच्या मागे लागू नका, उद्या तसंच व्हायला पाहिजे म्हणून बसलात तर होणार नाही.

टायमर वाजला की झटकन उठायचं नाही. बोटं हलवा, एका कुशीवर वळा, थोडं थांबा, हाताचा आधार घेऊन बसा. बीपी लो असणाऱ्यांना पटकन उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते.

नुसतं पडून काय होणार असं ज्यांना वाटतंय, विशेषतः घरातल्या बाबा-काका मंडळींना, त्यांना मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. के. के. दात्यांचं सांगा. हृदयरोगाचे नावाजलेले डॉक्टर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली बीपीच्या ४७ पेशंटवर केलेला शवासनाचा अभ्यास छापला, रोज अर्धा तास, पायांत साधारण तीस अंशाचा कोन, हात अंगापासून पंधरा अंशावर, श्वास पोटाने आणि संथ. बऱ्याच जणांचं बीपी खाली आलं आणि गोळ्या चालू असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा डोस कमी करता आला. पेशंट थोडे होते हे खरं, पण मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी शवासनाला इतक्या लवकर मनावर घेतलं आणि तेही आपल्या परळमध्ये, ह्याचं मला कौतुक आहे. डोस मात्र तिथे डॉक्टरांनी कमी केला होता, पेशंटनी आपल्या मनाने नाही, तेव्हा इथूनही कुणी गोळ्या बंद करू नका.

कुणी जपून करायचं

गरोदरपणात शेवटच्या काही महिन्यांत उताणं पडून राहू नये, डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करा, आणि पोट आवळणं पूर्ण गाळा. ऑपरेशन झालेलं असेल, फ्रॅक्चर असेल, तिथला भाग आवळू नका. ॲसिडिटी वर येत असेल तर पाठ-डोकं उंच ठेवा किंवा सरळ आरामखुर्चीत करा, शवासनच पाहिजे असा काही हट्ट नाही.

आणि काही जणांना सैल सोडलं की बरं वाटण्याऐवजी धडधड वाढते, घाबरल्यासारखं होतं. हे खरंच होतं, नाटक नसतं. सतत सावध राहायची सवय लागलेल्या माणसाला सैल पडण्याचीच भीती वाटते. तसं झालं तर डोळे उघडे ठेवा, बसून करा, फक्त हात आणि पाय करा, पाच मिनिटांत उठा. तरी होत असेल तर सोडून द्या आणि त्याऐवजी रोज चालायला जा, जबरदस्ती नको. झोप कित्येक आठवडे उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ह्या असल्या उपायांवर दिवस काढू नका, डॉक्टरकडे जा, किंवा सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

यूट्यूबवरचे सूचना देणारे व्हिडिओ लावून करू का, असं बरेच जण विचारतात. सुरुवातीला लावा, क्रम पाठ होईपर्यंत. पण मधेच जाहिरात येते आणि सगळ्या केलेल्यावर पाणी, त्यापेक्षा स्वतःच्याच आवाजात सूचना रेकॉर्ड करून घ्या, आईला किंवा आजीला करायचं असेल तर तुमच्याच आवाजात करून द्या, त्यांना तो जास्त चालतो.

तीन-चार आठवड्यांनी आवळणं हळूहळू कमी करा. आधी फक्त चेहरा आणि खांदे आवळायचे, बाकी नुसतं लक्ष नेऊन सोडायचं, मग तेही बंद. ताण कुठे आहे ते एकदा ओळखता आलं की तो आवळून दाखवायची गरज उरत नाही. आणि मग हे दिवसा वापरता येतं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेलं असताना काही शवासन होणार नाही, पण पिशवीचा बंद किती घट्ट धरलाय ते बघून पकड निम्मी करता येते. सिग्नलला स्टिअरिंगवरची बोटं सैल करता येतात. ज्या माणसाचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी पोटात गोळा येतो त्याचा फोन वाजला की अजून दोन रिंग वाजू द्या, दात सुटे, खांदे खाली, जीभ खाली, एक श्वास लांब सोडा आणि मग उचला.